शोषखड्ड्यातली वेधशाळा

जगातल्या सगळ्या लुप्त संस्कृतींची सांडपाण्याची व्यवस्था अप्रतिम असते. हे मला पाठ आहे. निवृत्त झाल्यापासून मी टीव्हीवर बुडालेल्या, गाडल्या गेलेल्या, वाळूखाली झोपलेल्या आणि नुसत्याच 'कदाचित असलेल्या' इतक्या नगऱ्या पाहिल्या आहेत, की महापालिकेच्या एखाद्या अभियंत्यानेही पाहिल्या नसतील. प्रत्येक कार्यक्रमात शेवटी निवेदक एका भाजक्या विटांच्या गटारावर हात फिरवतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, 'कौन थे ये लोग?' कोणी का असेनात, त्यांच्याकडे संडास होता. माझ्याकडे नव्हता. माझी सगळी तक्रार एवढीच आहे. ती ग्रामपंचायतीत, दोन कचेऱ्यांत, एका भावकीच्या भांडणात आणि शेवटी देशभर दिसणाऱ्या वाहिनीवर कशी पोचली, हे तुम्हीच ऐका आणि यात माझं काय चुकलं ते सांगा.

लोणावळ्याहून औंढ्याच्या पुढे गेलं की आमची वस्ती लागते. तिथे मारुतीभाऊंकडून जागा घेऊन मी घर बांधलं. घर म्हणजे भिंती, छप्पर, ओटा, खिडकीतून दिसणारा लोहगड, सगळं झालं. राहिलं फक्त बाहेरच्या संडासाचं छप्पर आणि त्याचा शोषखड्डा. तळेगावच्या कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागलं होतं, म्हणून सामान घेऊन मी इकडे आलो आणि आमची शालन तिच्या भावाकडे, तळेगावातच प्रदीपच्या घरी थांबली. निघताना तिने एकच वाक्य सांगितलं. "खड्डा होऊन संडास चालू झाल्याशिवाय मी त्या घरात पाऊल टाकणार नाही. माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत." मी म्हटलं, "अगं, खड्डाच तर आहे. आठवडा लागेल." माणसाने अशी विधानं बायकोपुढे करू नयेत. ती विसरत नाही.

तोपर्यंत माझी सोय मारुतीभाऊंच्या संडासात. तो त्यांच्या घराच्या मागे, आणि तिथे नळ नाही, त्यामुळे पाणी आपलं आपण न्यायचं. म्हणजे रोज सकाळी उजाडताच बादली घेऊन मी माझ्या घरातून निघायचो, त्यांचं अंगण ओलांडायचो, गोठ्याला वळसा घालायचो आणि चुलीपुढे बसलेल्या लीलाबाईंच्या समोरून जायचो. लीलाबाई म्हणजे मारुतीभाऊंच्या मंडळी, अत्यंत मायाळू बाई. त्या रोज विचारायच्या, "चाल्लं का सायेब?" पहाटे बादली घेऊन माणूस दुसरीकडे कुठे जाणार? जन्मभर मी कारखान्यात स्टोअर्सला होतो. माझ्या सहीशिवाय एक नट हलत नसे. त्या माणसाला रोज सकाळी "हो, चाललोय" असं जाहीर करत एक अंगण पार करावं लागत होतं.

गवंडी होता श्रीपती. त्याने जागा फिरून पाहिली आणि सांगितलं, "सायेब, म्होरं समदा कातळ हाय, त्या अंगाला हीर हाय. खड्डा घ्यायचा तर ह्याच कोपऱ्यात. हितं माती हाय." मे महिन्यात त्याने कोपऱ्यात पहार मारली. गुडघाभर खाली गेल्यावर पहार ठणकन वाजली. माती बाजूला केली तर खाली दगड. नुसता दगड नव्हे, शेजारी शेजारी नीट बसवलेले सपाट दगड, आणि त्यांची कड गोलाईत वळलेली.

शहाण्या माणसाने इथे श्रीपतीला म्हणायचं असतं, "उपट आणि पुढे चल." मी म्हटलं, "थांब!" ते थांब मी म्हटलं नाही, माझ्यातून ती वाहिनी म्हणाली. गोलाई कुठपर्यंत जाते ते बघायला मी त्याला खाली खणायचं सोडून आडवं खणायला लावलं. संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात दगडी फरशीचं एक मोठं वर्तुळ उघडं पडलं आणि बरोब्बर मध्यभागी एक दगड, त्यात आरपार भोक. मी त्या भोकात काठी उभी केली. काठीची सावली पूर्वेला गेली. संध्याकाळी सावली पूर्वेलाच जाते, हे मला शाळेपासून माहीत आहे. तरीही माझ्या अंगावर काटा आला आणि मी मोठ्याने म्हणालो, "असं तर नसेल ना, की ही एखाद्या लुप्त संस्कृतीची वेधशाळा आहे?"

तेवढ्यात मारुतीभाऊ आले. वर्तुळ पाहून त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, जागा विकल्याचा पश्चात्ताप होतोय. "काय म्हणलासा? कुनाचं हाय ह्ये?" त्यांनी विचारलं. मी समजावून सांगितलं, की फार प्राचीन, नामशेष झालेल्या लोकांचं असावं, त्यांच्या मागे कोणी उरलं नाही. "कुनीच न्हाई उरलं?" "कोणीच नाही." मारुतीभाऊंचा चेहरा एकदम खुलला. "व्हय व्हय, लय जुनं दिसतंय. आपल्यातल्या कुनाचंच न्हाई ह्ये." मला अतिशय बरं वाटलं. शालन तर सोडाच, कारखान्यातही माझं ऐतिहासिक मत इतक्या लवकर कोणी मान्य केलं नव्हतं.

बांधापलीकडे कोंडाजीआबा उभे होते. मारुतीभाऊंचे चुलत भाऊ, त्यांच्याहून थोरले. वाटण्या झाल्यापासून दोघांचं बोलणं बंद. एकाची म्हैस दुसऱ्याच्या रानात गेली तरी निरोप तिसऱ्यामार्फत जायचा. आबांनी बराच वेळ वर्तुळाकडे पाहिलं, मग मारुतीभाऊंकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता निघून गेले. मी त्याचा अर्थ असा लावला, की प्राचीनतेपुढे म्हातारा नि:शब्द झाला.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. मावळात कुठलाही दगड जरा चौकोनी दिसला, की तो पांडवांनी एका रात्रीत बसवलेला असतो, तसा हाही निघाला. पांडव पहाटेच्या आत काम संपवून जायचे, आणि श्रीपती दहा वाजता येऊन चहाला बसायचा, एवढाच फरक. स्टेशनजवळच्या चहावाल्याने खाली सोनं आहे म्हणून सांगितलं आणि माझ्याकडून चहाचे पैसे सुटे मागितले. एकच जण म्हणाला, "माती लोटा, गप बसा आणि खड्डा खणा." त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, मीसुद्धा नाही. मी सांगताना हजार-दोन हजार वर्षं म्हणायचो. लोणावळ्याच्या बाजारातून फिरून तीच गोष्ट माझ्याकडे परत आली तेव्हा बारा हजार वर्षं झाली होती, आणि चिक्कीवाला मलाच बजावून सांगत होता, की जाऊन बघून या.

मग ग्रामसेवक आले. त्यांनी वर्तुळाला एक फेरी मारली आणि काम बंद ठेवायला सांगितलं. "पुरातन वस्तू आहे म्हणता. वरून कागद आल्याशिवाय पहार लावायची नाही." मी म्हटलं, "वरून म्हणजे कुठून?" ते म्हणाले, "वरूनच." हा पत्ता घेऊन मी तालुक्याला गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, "वस्तू सापडली आहे की जागा?" मी म्हटलं, "जागा म्हणायची." "मग आमच्याकडे नाही. वस्तू असती तर इथे जमा केली असती." मग पुण्याला. तिथे एका खोलीत एक बाई होत्या, त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"जुनं आहे असं कोण म्हणालं?"

"मी."

"तुम्ही तज्ज्ञ आहात?"

"नाही."

"मग जुनं आहे असं म्हणता येणार नाही."

मी आनंदाने म्हटलं, "म्हणजे खणायला हरकत नाही?"

"असं कसं? जुनं असलं तर?"

"मग तुम्ही येऊन बघा."

"ग्रामपंचायतीचं पत्र आल्याशिवाय आम्हाला येता येत नाही."

ग्रामपंचायत वरच्या कागदाची वाट पाहत होती आणि वरचे ग्रामपंचायतीच्या पत्राची. मध्ये मी बादली घेऊन उभा होतो. त्यात पाऊस लागला. मावळातला पाऊस म्हणजे काय सांगायचं! खणलेला भाग काठोकाठ भरला आणि त्यात बेडूक आले. बघायला येणाऱ्यांपैकी कोणीतरी म्हणालं, ही वेधशाळा नाही, पुष्करणी आहे. मी आता एका हातात छत्री आणि एका हातात बादली घेऊन अंगण ओलांडू लागलो. त्या पावसात बाहेरून पाणी घेऊन जाणारा मी मावळातला एकमेव माणूस असेन. लीलाबाई पडवीतून विचारायच्या, "चाल्लं का सायेब? जपून, निसरडं झालंय."

शालनचा फोन रोज यायचा. "कुठवर आलं?" सुरुवातीला मी उत्साहाने सांगितलं, "अगं, वेधशाळा निघाली!" ती म्हणाली, "आणि संडास?" पुढे पुढे मीच फोन घ्यायचा टाळू लागलो. प्रदीपची बायको चांगली आहे, पण दुसऱ्याच्या घरात किती दिवस राहायचं याला मर्यादा असते, आणि शालनच्या आवाजात ती मर्यादा ऐकू येत होती. एकदा ती म्हणाली, "मला इथे स्वतःच्या हाताने चहासुद्धा करून घेता येत नाही हो." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

या सगळ्यात मारुतीभाऊ मात्र माझ्या बाजूने खंबीर उभे. येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतः सांगायचे, "लय पुरातन हाय. वंशाला दिवा न्हाई उरला त्यांच्या." कोणीतरी त्यांचंच बोलणं मोबाइलवर घेतलं आणि गावभर, मग जगभर सोडलं. भाद्रपदात मला मुंबईहून फोन आला. समीक्षा नावाची मुलगी बोलत होती. "सर, आम्ही 'मिट्टी के नीचे कौन?' या कार्यक्रमातून बोलतोय. आम्हाला तुमच्या साइटवर शूट करायचंय. तुम्ही आमचे स्थानिक अभ्यासक."

'मिट्टी के नीचे कौन?' मी याचा एकही भाग चुकवलेला नव्हता. आणि अभ्यासक! मी इस्त्रीचा सदरा काढला. शिवाय मनात एक व्यावहारिक विचार होताच, की टीव्हीवर आलं म्हणजे कोणीतरी साहेब जागा होईल, हो किंवा नाही म्हणेल आणि खड्ड्याचा निकाल लागेल.

निवेदक आदिनाथ यांना मी वाळवंटात, बर्फात आणि समुद्राच्या तळाशी पाहिलं होतं. मावळातल्या सप्टेंबरच्या उन्हात ते छत्रीखालून बाहेर यायला तयार नव्हते. मी आदराने सुचवलं, की आलाच आहात तर जवळच कार्ल्याची, भाज्याची लेणी आहेत, दोन हजार वर्षांची, डोंगर कोरून केलेली. आदिनाथ म्हणाले, "वो किसने बनाया, पता है ना?" मी मोडक्या हिंदीत सांगितलं, की हो, दान देणाऱ्यांची नावंसुद्धा कोरलेली आहेत. "तो फिर उसमें क्या है?" असं म्हणून त्यांनी नारळपाणी मागवलं. नावं कोरून ठेवणाऱ्यांनी आपलं किती नुकसान करून घेतलंय, हे मला तेव्हा कळलं.

माझी मुलाखत झाली. मी जबाबदारीने बोललो. दिशा, सावली, दगडांची घडण, शक्यता आणि मर्यादा. शेवटी प्रामाणिकपणे हेही म्हणालो, की हे नक्की काय आहे ते मला माहीत नाही. मग आदिनाथना एक 'पुराना आदमी' हवा होता. बांधावर कोंडाजीआबा उभेच होते. पांढऱ्या मिशा, फेटा, खांद्यावर घोंगडी. आदिनाथचे डोळे चमकले. मारुतीभाऊ घाईने पुढे झाले. "त्याला नगा इचारू. त्याला ऐकाया येत न्हाई." आबांना अजून शेजारच्या रानात पडलेला आंबा ऐकू येतो. ते आपणहून बांध ओलांडून आले, वर्तुळाच्या मधोमध उभे राहिले आणि कॅमेऱ्यात बघून बोलले.

"ह्ये खळं हाय. भाताचं खळं. माज्या बापानं आन् ह्या मारुतीच्या बापानं मिळून घातल्यालं. ह्या भोकात तिवडा रवायचा, त्याला बैलं जुपायची आन् फिरवायची. मी बैलांमागं हितं हिंडल्यालो हाय. पुरातन बिरातन काय न्हाई. वर माती साठली ती ह्यानं साठू दिली."

माझ्या पायाखालची वेधशाळा सरकली. आदिनाथना मराठी येत नव्हतं. ते टाळ्या वाजवत म्हणाले, "वाह! क्या इमोशन है!" समीक्षेला थोडं मराठी येत होतं, तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, खळं म्हणजे?" मी सांगितलं, की पूर्वी कापलेलं भात पसरून, वर बैल फिरवून मळायची गोल जागा. "एडिटमध्ये बघू," ती म्हणाली. मंडळी लोणावळ्याला हॉटेलवर गेली, सकाळचं थोडं चित्रीकरण करायला पुन्हा आली, आणि परस्पर निघून गेली.

आबा बोलले त्याच संध्याकाळी मी मारुतीभाऊंना गाठलं. माझा आवाज चढला होता. "तुम्हाला माहीत होतं हे खळं आहे!"

"व्हय," ते खाली बघत म्हणाले. "सायेब, निम्मं खळं त्याचं. वाटणीत राह्यलं व्हतं तसंच. मी समदा कोपरा तुमास्नी इकला. तुमीच म्हनलासा, मागं कुनी उरलं न्हाई. म्हनलं, ब्येस झालं. पुरातन मानूस काय सातबाऱ्यावर नाव लावाया येत न्हाई."

म्हणजे मी महिनोन् महिने ज्या संस्कृतीसाठी कचेऱ्या झिजवल्या, तिचा एकच गुण होता. तिला वारस नव्हते. मला असा संताप आला, की या माणसाचं तोंडही बघू नये असं वाटलं. पण ज्याच्या संडासात रोज जायचं, त्याच्याशी भांडायचं कसं? दुसऱ्या दिवशी सकाळी मी मान ताठ ठेवून, कोणाकडेही न बघता, अबोल्याने बादली घेऊन अंगण ओलांडलं. लीलाबाई म्हणाल्या, "चाल्लं का सायेब?" मी उत्तर दिलं नाही. माझा निषेध कोणाच्या लक्षात आला असेल असं वाटत नाही.

ग्रामसेवकांकडे गेलो. म्हटलं, ते खळं आहे, खणू द्या. ते म्हणाले, "दप्तरी वेधशाळा अशी नोंद झाली आहे. आता खळं आहे म्हणून ज्यांचं आहे त्या दोघांनी लिहून द्यावं." कोंडाजीआबांकडे गेलो. ते ओट्यावर बसून दोर वळत होते.

"मला जिमीन नगं सायेब," ते म्हणाले. "ह्या वयात काय करू? तुमी ख्वदा, घर करा, काय बी करा. पन मारुतीनं तोंडानं म्हनावं, ह्ये आपल्या दोघांच्या बापांचं खळं हाय. माजा बाप हितं उनात राबला, आन् ह्यो म्हनतो, कुनी उरलं न्हाई? मी काय म्येलोय?"

त्यांचा हात थांबला होता. मी तसाच मारुतीभाऊंकडे गेलो. ते म्हणाले, "मी तसं म्हनलो की जिमीन त्याची झाली." मी सांगितलं, आबांना जमीन नको आहे. "आसं समदे म्हनत्यात," ते म्हणाले आणि म्हशीला वैरण घालायला निघून गेले.

दसऱ्यानंतर समीक्षेचा फोन आला, रविवारी संध्याकाळी कार्यक्रम आहे. ती वाहिनी वस्तीत माझ्या एकट्याच्या घरी दिसते. म्हणून सगळी वस्ती माझ्या बाहेरच्या खोलीत. मारुतीभाऊंचं बिऱ्हाड खिडकीच्या बाजूला, कोंडाजीआबा दाराच्या बाजूला, मध्ये मी आणि माझी शेंगदाण्याची बशी. तिकडे शालनने, प्रदीपने आणि त्यांच्या सबंध सोसायटीने टीव्ही लावले होते. ती फोनवर म्हणाली होती, "बघू तरी, एवढे महिने तिथे काय करताय ते."

ढोल वाजले, धूर निघाला. आकाशातून माझी जागा दिसली. मग माझ्या संडासाच्या चार भिंती, अजून छप्पर न घातलेल्या. भारदस्त आवाज म्हणाला, 'बिना छत का यह कमरा... इसमें कौन बैठता था? किसका इंतज़ार करता था? आज तक कोई नहीं जान पाया.' श्रीपती मागून अभिमानाने म्हणाला, "म्या बांधलाय!"

मग कोंडाजीआबा आले. ओठ हलत होते, आणि वर हिंदी आवाज होता. 'मेरे दादा-परदादा कहते थे, यहाँ आसमान से लोग उतरते थे. इसी छेद से वे पाताल में जाते थे.' आबा ताडकन उभे राहिले. मग मी आलो. दिशा गेली, सावली गेली, शक्यता आणि मर्यादा गेल्या. एकच वाक्य शिल्लक होतं: "हे नक्की काय आहे ते मला माहीत नाही." खाली अक्षरं होती, 'स्थानीय ग्रामीण'. आणि शेवटी, हळू संगीतावर, सोनेरी उन्हात, मी. पायजमा, बंडी, हातात बादली. कधी घेतलं होतं कोण जाणे. अबोल्याच्या सकाळी असणार, कारण माझी मान ताठ होती. 'हज़ारों साल बीत गए. पर आज भी सूर्योदय के समय, हाथ में जल लिए, मौन धारण किए, ये लोग उस भूले हुए अनुष्ठान के लिए निकलते हैं. कौन थे ये लोग?'

लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे गदागदा हलत होते. मला जमिनीत जावंसं वाटत होतं. माझ्या नशिबाने खाली दगड होते.

तेवढ्यात मारुतीभाऊ दाराकडे वळून म्हणाले, "आरं कोंडा, तू आसं म्हनलास?"

वाटण्यांनंतरचं ते पहिलं वाक्य. आबा टीव्हीकडे बोट दाखवत म्हणाले, "म्या? आभाळातनं मानसं? म्या खळं म्हनलो! तू हुता की तितं!"

"हुतो की. खळंच म्हनलास. ऐकलं म्या."

"मग? खळं हाय का न्हाई?"

मारुतीभाऊंनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, तिथे साबणाची जाहिरात लागली होती. मग म्हणाले, "खळंच हाय. तुज्या बापाचं आन् माज्या बापाचं. आभाळातनं कोन येतंय भात मळाया? आमच्या म्हाताऱ्यांनी पाठीवनं दगूड वाहिलं, आन् ह्ये नाव लावत्यात दुसऱ्याचं!" त्यांना खरोखर राग आला होता. आपण स्वतः तेच करत होतो, हे त्यांना आठवलंय असं दिसत नव्हतं, आणि कोणी आठवूनही दिलं नाही. आबा खाली बसले आणि फेट्याच्या शेवाने त्यांनी डोळे पुसले.

पुढे तासभर ते दोघे माझ्या डोक्यावरून बैलांविषयी बोलत होते. कुठला बैल आत चालायचा, कुठला बाहेर. मी तीनदा म्हटलं, "मग आता खळं आहे असं लिहून देताय ना? उद्या खणायचं?" तिसऱ्यांदा दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच परका. "खळं ख्वदायचं?" मारुतीभाऊ म्हणाले. "आवं सायेब, आमच्या बापांचं हाय ते! अवंदा भात तितंच मळायचं." आबा म्हणाले, "व्हय. बैलं मी बघतो." ज्या माणसाकडून मी कोपरा खरेदीखताने विकत घेतला आहे, तो माझ्याच घरात, माझेच शेंगदाणे खात हे ठरवत होता.

"आणि माझा खड्डा?" मी जवळजवळ ओरडलो.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बांधावर घ्या की," आबा म्हणाले, "माती हाय तितं." तोच बांध, ज्याच्या एका वितीसाठी आजवर दोघं बोलत नव्हते. "चालंल," मारुतीभाऊ म्हणाले. "आमीच ख्वदून देतो. भात निघालं की लागलीच." भात अजून पुरतं पिवळंही झालं नव्हतं. निघून, वाळून, मळून व्हायला दिवाळी जाणार होती. तोवर मी अनुष्ठान चालू ठेवायचं.

सगळे गेले आणि फोन वाजला. शालन. मी वाजू दिला. पुन्हा वाजला. अखेर घेतला आणि तिने तोंड उघडायच्या आत भराभर सांगून टाकलं, की जागा मिळाली आहे, बांधावर, दोघंही राजी आहेत, फक्त भात निघेपर्यंत थांबायचंय, फार तर दिवाळी, मला माहीत आहे तू काय म्हणणार आहेस, पण यात माझा काही...

"किती वाळलात हो," शालन म्हणाली.

मी थांबलो.

"शेवटी तुम्ही आलात ना, चालताना. प्रदीप हसला, सगळे हसले. मला नाही हसू आलं. गळ्याची हाडं दिसत होती. जेवता की नाही?" मी म्हटलं, जेवतो. "खोटं बोलू नका," ती म्हणाली.

"उद्या सकाळच्या लोकलने येते मी."

"अगं, पण संडास नाही अजून," मी म्हणालो. "मारुतीभाऊंकडे जावं लागतं. अंगणातून. सगळे बघतात. तुझे गुडघे..."

"ठाऊक आहे. आता सगळ्या देशाला ठाऊक आहे." मग म्हणाली, "आणि ती बादली तुमची गळते. टीव्हीवर स्वच्छ दिसलं, पायजमा एका बाजूने सगळा भिजला होता. तळेगावातून निघताना नव्या आणते. दोन."